तुरुंगातून कोण बोलते? : मराठी बंदिवाङ्मय आणि सुधारणेचा प्रश्न

महालात चिटणीस पार्कच्या मागच्या बाजूस ज्या गल्लीत माझे बालपण गेले, त्या गल्लीत जेलात जाऊन आलेली दोन माणसे राहत होती. एकजण १९४२ च्या आंदोलनात पकडले गेलेले. पंधरा ऑगस्टला शाळेत ध्वजवंदनासाठी त्यांना बोलावीत, आणि ते कारावासाच्या आठवणी सांगू लागले की घंटा होऊन गेली तरी थांबत नसत. गीता तेथेच पाठ झाली, सूत तेथेच कातायला शिकलो, तुरुंग हेच माझे विद्यापीठ, असे ते म्हणत. दुसरा सायकलीच्या चोरीपायी दीड वर्ष त्याच वर्धा मार्गावरील मध्यवर्ती कारागृहात राहून आला होता. पहिल्यांना गल्ली 'अहो' म्हणे, दुसऱ्याला 'अरे'. कोणाच्या अंगणातली बादली नाहीशी झाली तरी चौकीवरून निरोप येई तो दुसऱ्याच्या दारी. तुरुंगाविषयी तो कधी बोलत नसे. एकदा आम्हा पोरांपैकी कोणीतरी धिटाईने विचारले तेव्हा, "भाकरी जाड असते तिथली," एवढे म्हणून तो आत निघून गेला.

मराठीतील तुरुंगविषयक वाङ्मय वाचताना ही दोन माणसे मला वारंवार आठवतात. या वाङ्मयाचा साठा लहान नाही, आणि त्यातील काही ग्रंथ तर आपल्या भाषेचे भूषण आहेत. परंतु ते जवळजवळ सर्व पहिल्या माणसाने लिहिलेले आहे. तुरुंग माणसाला सुधारतो की केवळ दंड देतो, आणि सुटून आलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळतो की नाही, हा प्रश्न ज्याच्याविषयी विचारावयाचा, तो माणूस या वाङ्मयात बहुधा मुका आहे. असे असूनही तुरुंगात माणूस घडतो अशी जी एक समजूत सुशिक्षित मराठी मनात घर करून आहे, तिचा मोठा आधार हेच वाङ्मय होय. प्रस्तुत लेखात या समजुतीचे वाङ्मयीन मूळ तपासून पाहण्याचा हेतू आहे. दंडशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि वाङ्मयाने निर्माण केलेली प्रतिमा जेव्हा शासनाच्या धोरणाची भाषा बनते, तेव्हा तिची समीक्षा करणे हे वाङ्मयाच्या अभ्यासकाकडेच येते.

परंपरेचा आरंभ अर्थातच मंडालेपासून. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'चा खर्डा १९१०-११ च्या हिवाळ्यात तेथील कारागृहात पेन्सिलीने लिहून काढला. ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. वैयक्तिक सत्याग्रहाच्या काळात विनोबांचे 'स्वराज्यशास्त्र' आमच्या नागपूरच्याच कारागृहात आकारास आले. ही नावे एकापुढे एक मांडली की कारागृह हे एक तपोवन आहे असे वाटू लागते, आणि या लेखकांची स्वतःची भाषाही पुष्कळदा तशीच आहे : एकांत, चिंतन, आश्रम, साधना.

मात्र या सर्व उदाहरणांत तुरुंगाने नेमके काय केले, हे विचारले पाहिजे. त्याने या माणसांना सुधारले नाही, कारण सुधारण्यासारखे त्यांच्यात काही नव्हते. निदान ज्या कृत्यासाठी त्यांना शिक्षा झाली त्या कृत्याचा त्यांना पश्चात्ताप नव्हता, आणि सुटल्यावर ते कृत्य पुन्हा करण्याचा त्यांचा निर्धार असे. पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण मोजावयाचे झाले तर सत्याग्रह्यांइतके 'सराईत' कैदी दुसरे सापडावयाचे नाहीत! तुरुंगाने त्यांना दिली ती सक्तीची सवड. पूर्ण घडलेला माणूस आत गेला आणि ग्रंथ घेऊन बाहेर आला. त्यात कर्तृत्व त्या माणसाचे होते. शिवाय कागद, पेन्सिल, पुस्तके आणि ऐकणारी मंडळी ही सामग्री त्याला उपलब्ध होती. शेजारच्या बराकीतील दरोडेखोराला ती नव्हती. तपोवनाची प्रतिमा खरी आहे, पण ती तपस्व्यांपुरती खरी आहे.

'श्यामची आई' या संदर्भात पुन्हा उघडून पाहण्यासारखी आहे. तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात 'मोठा होण्यासाठी चोरी' नावाचे एक प्रकरण आहे. पुस्तकाच्या लोभाने लहान श्याम पैसे चोरतो, आणि त्यातून त्याला बाहेर काढते ती त्याची आई. चोरांच्या सहवासात बसून, चोरी करणाऱ्या मुलाच्या सुधारणेची कथा लिहिताना गुरुजींना भिंत, पहारा किंवा कोठडी यांपैकी कशाचीच गरज भासली नाही. हे त्यांनी हेतुपूर्वक केले असे मी म्हणत नाही. पण लेखकाची सहजप्रवृत्ती त्याच्या विधानांपेक्षा पुष्कळदा अधिक बोलकी असते.

या परंपरेत एक ग्रंथ वेगळा उभा आहे, आणि त्याच्या राजकारणाविषयी वाचकाचे मत काहीही असो, आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व नाकारता येत नाही. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' या १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात साधा बंदी दिसतो. कोलू ओढणारा, मार खाणारा, आणि संधी मिळताच दुसऱ्याला मारणारा. तुरुंगातील वॉर्डर, जमादार, पेटी ऑफिसर हे सारे कैद्यांतूनच निवडले जात, आणि या बढतीसाठी कोणते गुण उपयोगी पडत याचे जे चित्र सावरकरांनी काढले आहे, ते वाचले म्हणजे शिक्षेच्या यंत्राचा आतला व्यवहार कळतो. प्रत्येक संस्था आपल्याला हव्या त्या गुणांना बक्षीस देते. अंदमानच्या तुरुंगाने कठोरपणाला आणि लाळघोटेपणाला बक्षीस दिले. तेथे तेच दोन गुण वाढले. हा ग्रंथ सुधारणेविषयी फारसे बोलत नाही, पण सुधारणा का होत नाही याचा उत्तम वस्तुपाठ त्यात आहे. तथापि येथेही निरीक्षक वेगळा आणि निरीक्षित वेगळा. साधा बंदी दिसतो खरा. बोलतो तो सावरकरांच्या वाक्यांतून.

अंदमानच्या त्या इमारतीची रचना येथे ध्यानात ठेवावयास हवी. मध्ये एक मनोरा आणि त्यापासून फुटलेल्या सात लांब इमारती. बेंथॅमने १७९१ साली मांडलेल्या सर्वदर्शी कारागृहाची कल्पना थोडी निराळी होती, परंतु तत्त्व तेच : मध्यावर बसलेल्या एका डोळ्याने अनेकांवर नजर ठेवावी, आणि आपण पाहिले जात आहोत या जाणिवेनेच माणसाने वागणे बदलावे. मिशेल फूको यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात या मनोऱ्याला आधुनिक सत्तेचे प्रतीक केले. तो ग्रंथ आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे, म्हणून त्याचे विवरण करीत नाही. मला पुढे जावयाचे आहे ते एका चित्रपटाकडे, ज्यात हा मनोरा नाहीसा होतो आणि त्याचे डोळे तेवढे शिल्लक राहतात.

'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९५७ चा. भाषा हिंदी असली तरी कथा ग. दि. माडगूळकरांची, निर्मिती राजकमलची, आणि मूळ घटना शुद्ध माणदेशी. म्हणून मराठी वाङ्मयाच्या चर्चेत त्याला स्थान देण्यास प्रत्यवाय नसावा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवातील मान त्याला मिळाला. बैलाशी झुंजीच्या चित्रणात शांतारामांच्या डोळ्याला इजा झाली, ही हकीकतही सर्वश्रुत आहे. आदिनाथ नावाचा तरुण जेलर सहा खुनी कैद्यांना आपल्या जबाबदारीवर मोकळ्या माळावर नेतो, त्यांच्याकडून पडीक जमीन कसून घेतो, आणि त्यांचे रूपांतर घडवितो. आपल्याकडे कैद्यांच्या सुधारणेविषयी कोठेही भाषण होवो, या चित्रपटाचा उल्लेख झाल्याशिवाय ते पुरे होत नाही.

मूळ घटना अशी. औंध हे तेव्हा एक लहानसे संस्थान होते. भवानराव पंतप्रतिनिधी हे त्याचे राजे. १९३९ साली त्यांनी प्रजेला जबाबदार राज्यघटना दिली. तिच्या घडणीत गांधीजी, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचा हात होता. फ्रीडमन हे पोलंडातून आलेले ज्यू अभियंते, पुढे भारतानंद झालेले. (निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे १९७३ मध्ये इंग्रजीतून जगापुढे नेणारे तेही हेच. एकाच माणसाने कैद्यांच्या शेतीत आणि अद्वैताच्या चर्चेत सारखेच मन घालावे, हे मला नेहमी नवल वाटते.) त्याच १९३९ साली, फ्रीडमन यांच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत स्थापन झाली. भिंत नाही, बेड्या नाहीत. जमीन कसावयाची, आणि आपल्या बायकामुलांसह राहावयाचे. संस्थान १९४८ साली विलीन झाले, तरी वसाहत राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात राज्याच्या कारागृह खात्याखाली आहे. माडगूळकर त्याच मुलखातले. शेटफळे हे त्यांचे जन्मगाव, आणि शिक्षणही औंध संस्थानातले. तेव्हा ही हकीकत त्यांना पुस्तकातून मिळालेली नव्हती.

आता वास्तव आणि कथा शेजारी ठेवून पाहावीत. कलावंताने वास्तवात बदल केला म्हणून त्याला दोष देणे ही समीक्षा नव्हे; पण कोणता बदल केला, यावरून त्याची श्रद्धा कशावर आहे ते कळते. स्वतंत्रपुरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुटुंब होती. कैदी पळून का जात नसे? कारण ज्या घराकडे पळावयाचे ते घर त्याच्याजवळच होते. सकाळी तो शेतावर जाई आणि संध्याकाळी आपल्या चुलीपाशी परते. त्याच्यावर नजर ठेवणारी व्यक्ती असलीच तर ती त्याची बायको. चित्रपटातून हे कुटुंब जवळजवळ वजा झाले आहे. एका कैद्याची आई नातवंडांना घेऊन येते तेवढेच. स्त्री म्हणून उरते ती खेळणी विकणारी चंपा, आणि तीही प्रेक्षकांच्या रंजनासाठी व जेलरच्या वैराग्याला उठाव देण्यासाठी. रिकाम्या झालेल्या या जागी चित्रपटाने काय बसविले? डोळे. आदिनाथाचे डोळे कैद्यांचा पाठलाग करतात, त्यांना अस्वस्थ करतात, वाममार्गापासून परत ओढून आणतात. त्याच्या मृत्यूनंतरही ते पाहतच राहतात.

म्हणजे अंदमानचा मनोरा येथे पाडला गेला नाही. तो कैद्याच्या मनात बांधला गेला. त्यातील डोळे करुणेने भरलेले आहेत, एवढाच फरक. हा फरक लहान नाही, हे मी मान्य करतो. आदिनाथ मारीत नाही, विश्वास टाकतो, कैद्यांबरोबर स्वतः राबतो. परंतु सुधारणेचे तत्त्व म्हणून पाहिले तर दोन्हीकडे गृहीत एकच आहे : कोणीतरी श्रेष्ठ पाहत असल्यावाचून हा माणूस नीट वागावयाचा नाही. शीर्षकाकडेच पाहा. अधिकाऱ्याला डोळे आहेत, कैद्यांना हात आहेत. करार होतो तोही तळहातांच्या ठशांचा. सहा माणसांच्या गणनेत बारा हात भरतात, पण जीभ एकही नाही. आमच्या गल्लीतला तो दुसरा माणूस या शीर्षकातही मुकाच राहिला आहे.

दुसरा दोष अधिक व्यवहारी आहे. चित्रपटात सुधारणेचा अंतिम पुरावा म्हणजे जेलरचे बलिदान. प्रेक्षक रडतो, आणि रडता रडता असे मानून घरी जातो की असे आदिनाथ निर्माण झाले म्हणजे प्रश्न सुटेल. पण कारागृह खात्यात जेलरला हौतात्म्य क्वचितच येते. त्याची बदली होते. नव्या जेलरचे डोळे कसे असतील, हे कोणी सांगावे? एका माणसाच्या तेजावर उभी असलेली सुधारणा त्याच्याबरोबर जाते. स्वतंत्रपूर मात्र त्याच्या संस्थापकांनंतर, त्याला जन्म देणारे संस्थानच नाहीसे झाल्यावरही टिकले, ही गोष्ट चित्रपटाच्या तत्त्वाविरुद्ध आणि वसाहतीच्या तत्त्वाच्या बाजूने साक्ष देते. जमीन, घर आणि कुटुंब यांची बदली होत नाही.

तरीही या चित्रपटातील एक भाग मला फार मोलाचा वाटतो, आणि समीक्षकांनी त्याकडे भडक नाट्य म्हणून दुर्लक्ष केले आहे. कैदी भाजी पिकवितात आणि बाजारात रास्त भावाने विकू लागतात. त्याने तेथील मक्तेदाराचे बिघडते. तो आधी दारू पाजून, मग मारहाण करवून, शेवटी बैल सोडून त्यांचा मळा उद्ध्वस्त करू पाहतो. सुधारणेला धोका कैद्याच्या दुष्ट प्रवृत्तीकडून येत नाही, बाजारातून येतो, हे माडगूळकरांना दिसले होते. सुटून आलेला माणूस जे प्रामाणिक काम करू पाहतो, त्या कामाची जागा आधीच कोणाची तरी असते. तुरुंगात शिकविलेल्या सुतारकामाने आणि विणकामाने कैदी बाहेर जगेल, असे खात्याचे अहवाल सांगतात. त्याच्या हातचे टेबल गावात कोण विकत घेईल याचा विचार त्या मळ्यावरच्या झुंजीइतका स्पष्टपणे मला अन्यत्र वाचावयास मिळालेला नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. स्वतंत्रपुराचे यश कुटुंबाचे व जमिनीचे असे म्हणता. मग जेथे जेथे माणसांना कुटुंबासह वसविले तेथे तेथे सुधारणा झाली काय? हा आक्षेप गंभीर आहे, कारण त्याचे उत्तर आटपाडीपासून फारसे दूर नसलेल्या सोलापुरात मिळते. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे मुंबई इलाख्यातही तो कायदा लागू झाला, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड अशी कुटुंबेच्या कुटुंबे राहिली. त्यांनी गिरण्यांत काम करावे, मुलांनी शाळेत जावे, हजेरी द्यावी. तेथेही कुटुंब होते, काम होते, आणि सरकारी कागदांत शब्दही तोच होता : सुधारणा. १९३९ साली या दोन्ही वसाहती एकाच वेळी नांदत होत्या. एकीत शिक्षा झालेल्या खुन्याला कुंपण नव्हते. दुसरीत कोणताही गुन्हा सिद्ध न झालेल्या बाईला आणि तिच्या पोराला होते. फरक कामात किंवा शिस्तीत नव्हता. स्वतंत्रपुरात माणसाने काय केले ते संपलेले मानले होते. सोलापुरात तो कोण आहे हे कधीच संपणार नव्हते.

हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण त्याची सावली सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांत आणि तुरुंगांच्या नियमपुस्तकांत राहिली. कोणत्या जातीच्या कैद्याने झाडू मारावा आणि कोणत्या जातीच्याने स्वयंपाक करावा, असे नियम काही राज्यांच्या पुस्तकांत होते, ते सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, घटनाबाह्य ठरविले. विमुक्त जमातींना सराईत मानणाऱ्या उल्लेखांवरही त्याच निकालाने प्रहार केला. म्हणजे सुधारगृहात पाऊल ठेवताच माणसाला त्याची जात परत दिली जात होती, आणि हे थांबावयास प्रजासत्ताकाची चौऱ्याहत्तर वर्षे जावी लागली.

या दुसऱ्या बाजूने बोलणारा पहिला समर्थ मराठी ग्रंथ म्हणजे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे १९८७ चे आत्मकथन. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, अनेक विद्यापीठांत ते अभ्यासाला लागले, आणि दलित-ग्रामीण आत्मकथनांच्या ओळीत बसवून आपण त्याच्याविषयी ठराविक पाच-सहा विधाने करून मोकळे झालो. बंदिवाङ्मय म्हणून त्याचा विचार झाला नाही. वास्तविक शिक्षेच्या परिणामाविषयी मराठीत याहून मर्मभेदी पान मिळणे कठीण. पोराला खिसा मारण्याचे शिक्षण देताना आधी त्याला बेदम मार देण्याची रीत त्यात सांगितली आहे; उद्या पोलिसांच्या हाती सापडला तर साथीदारांची नावे त्याच्या तोंडून निघू नयेत म्हणून. भयाने गुन्हा थांबतो या सिद्धान्ताला याहून कठोर उत्तर कोणते असू शकेल? शिक्षा येथे धंद्याची किंमत म्हणून आधीच हिशेबात धरलेली आहे. एवढेच नव्हे, ती अभ्यासक्रमाचा पहिला धडा झाली आहे.

आणि गायकवाडांच्या कथनात या वर्तुळातून जो बाहेर पडतो, तो कशाने? शाळेने आणि लातूरच्या सूतगिरणीतील नोकरीने. शाळाही सुखासुखी मिळालेली नाही. पोरगा शाळेत जाऊ लागला म्हणून वस्तीत रोग आला, अशी भीती त्याच्याच माणसांना वाटते. गिरणीतील कामही त्यांना फार काळ लाभत नाही. सुधारणा म्हणजे एकदा घडून संपणारे रूपांतर, ही चित्रपटाची कल्पना 'उचल्या'त कोठेच आढळत नाही. तेथे माणूस महिन्याच्या पगारावर प्रामाणिक राहतो आणि पगार गेला की पुन्हा कड्यावर उभा राहतो. गायकवाडांची भाषा रांगडी आहे, रचना विस्कळीत आहे, उत्तरार्धात कार्यकर्त्याच्या हकिगतींनी लेखकाला मागे सारले आहे. हे दोष मान्य करूनही, आदिनाथाच्या सहा कैद्यांना जीभ फुटली असती तर ती अशी बोलली असती, असे मला वाटते.

वाङ्मयाची ही साक्ष झाली. आकड्यांची साक्ष थोडक्यात पाहू, कारण तिच्याकडूनच पुष्कळजण निर्णय मागतात. खुल्या कारागृहांत राहिलेले कैदी क्वचितच पुन्हा गुन्हा करतात, असे म्हणतात, आणि ते असंभाव्य नाही. पण तेथे कोणाला पाठवितात? बंद तुरुंगात काही काळ काढून ज्याचे वर्तन चांगले ठरले त्याला. ज्याच्याकडून धोका कमी आहे असे आधीच मानले, त्याने पुढे धोका दिला नाही, तर श्रेय संस्थेचे किती आणि निवडीचे किती? शिवाय पुन्हा गुन्हा म्हणजे काय : पुन्हा अटक, पुन्हा शिक्षा, की पुन्हा तुरुंगात येणे? आमच्या गल्लीतल्या माणसाला बादलीपायी जितक्या वेळा चौकीवर नेले, तितक्या वेळा अटकेच्या मापाने तो बिघडलेलाच ठरला असता. अमेरिकेत रॉबर्ट मार्टिन्सन यांनी १९७४ साली २३१ अभ्यासांचा आढावा घेतला, आणि कशानेच काही साधत नाही असा त्याचा अर्थ जगभर लावला गेला. १९७९ मध्ये त्यांनी स्वतःच ते मत बरेचसे मागे घेतले, पण तोवर ते घोषवाक्य झाले होते. आपल्याकडे तर प्रश्न त्याही अलीकडचा आहे. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांपैकी तीन, न्यायाधीन होते. ज्याचा गुन्हा सिद्धच झालेला नाही त्याला सुधारावयाचे कशापासून? त्याच्यासाठी सुधारसेवा नाही, खुले कारागृह नाही. तारखांची वाट पाहणे एवढेच आहे. हीही शिक्षाच, फक्त ती निकालाच्या आधी भोगावयाची.

तुरुंगाबाहेरच्या मार्गाचा विचार आपल्या प्रांताला अपरिचित नव्हता. नागपूर ही राजधानी असताना, १९३६ सालीच, मध्यप्रांत-वऱ्हाडात गुन्हेगारांना देखरेखीखाली मोकळे ठेवण्याचा प्रोबेशनचा कायदा झाला. देशव्यापी कायदा व्हावयास १९५८ उजाडले. तसेच राजस्थानात सांगानेर येथे १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहतात, बाहेर जाऊन आपली भाकरी आपण कमावतात, आणि संध्याकाळी हजेरी देतात. तेथेही आदिनाथ नाही. स्वतंत्रपुराचा खरा वारसा शांतारामांच्या पडद्यापेक्षा या सांगानेरात अधिक दिसतो.

नागपूरच्या कारागृहावर अलीकडे लिहिले गेले ते पुन्हा पहिल्या माणसाकडूनच. अरुण फरेरा यांनी तेथे जवळजवळ पाच वर्षे काढली आणि २०१४ साली इंग्रजीत आठवणी प्रसिद्ध केल्या. सर्व खटल्यांतून सुटूनही २०११ साली दारातच पुन्हा अटक झाल्याचा प्रसंग त्यात आहे. त्यांच्या विचारांशी सहमत असण्या-नसण्याचा येथे संबंध नाही. तुरुंगात कागद कोणाच्या हाती पोचतो, हा माझा मुद्दा आहे, आणि त्या बाबतीत मंडालेपासून नागपूरपर्यंत फारसा बदल झालेला नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी प्रबंधाचा विषय शोधत असेल, तर एक सुचवून ठेवतो. स्वतंत्रपुराविषयी अप्पासाहेब पंतांनी लिहिले, संशोधकांनी औंधच्या प्रयोगावर ग्रंथ केले, माडगूळकरांनी कथा केली. या सर्वांत त्या वसाहतीत नवऱ्याच्या शिक्षेपायी येऊन राहिलेल्या स्त्रियांचे म्हणणे कोठेही नाही. खुनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुरुषाबरोबर कुंपण नसलेल्या माळावर संसार मांडताना त्यांना काय वाटत होते, शिक्षा संपल्यावर त्या कोणत्या गावी गेल्या, आणि त्या गावाने त्यांना पाणवठ्यावर जागा दिली की नाही, हे त्यांनी कोणाला ना कोणाला सांगितलेच असणार. त्यांच्या मुली व सुना माणदेशात आजही सापडतील. वर्धा मार्गावरच्या भिंतीपलीकडे जाण्यास परवानगी लागते. आटपाडीच्या आसपासच्या गावांत जाण्यास ती लागत नाही.